एकीपुरती जागा

९ जानेवारी

प्रिय रुसूबाई,

तुझ्या खोलीत कुणीतरी आलं आहे. एवढंच कळवायला बसले होते, पण एवढ्याशा बातमीसाठी पाकिटाला तिकीट लावणं जिवावर आलं, म्हणून आणखी लिहिते.

तू गेल्यापासून त्या खोलीत बंद पडलेली ईसीजी यंत्रं, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे राहत होते. मागच्या आठवड्यात शिपायानं सगळं बाहेर काढलं, खिडकी पुसली. काल सकाळी भिंतीपलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि मी इतकी दचकले की हातातला चहा केसपेपरवर सांडला. पेशंटला काही झालं नाही, तेव्हा हसायला हरकत नाही.

नवी लेक्चरर आपल्यातली आहे. हो, आपल्यातली. तिचं आडनाव वाचून विभागप्रमुखांनी विचारलं म्हणे, "त्या मॅडमच्या नात्यातल्या का?" जणू आपल्या अख्ख्या समाजाची आजी एकच. चालते भराभर, बोलते भराभर, वॉर्डच्या या टोकाला दिसली म्हणेपर्यंत त्या टोकाला पोचलेली असते. मी मनातल्या मनात तिला भिंगरी म्हणते. तिचं प्रोबेशन ऑक्टोबरअखेरीला संपतं. तोवर एक शोधनिबंध छापून यायला हवा आणि वरच्यांचा शेरा चांगला हवा, नाहीतर सामान आवरा.

आपल्या दोघींचं झालं ते हिचं होऊ देणार नाही, असं मी ठरवलं आहे. असोसिएट प्रोफेसरची जागा एक, आणि अर्ज करायला लावला दोघींना. मला दिली. तुला मात्र निवड समितीतल्या त्या गृहस्थांनी तोंडावर सांगितलं, "तुमच्यापैकी एक तर झाल्याच की आता." तू माझ्या खोलीत आलीस, उभ्या उभ्या अभिनंदन म्हणालीस आणि गेलीस. मग जेवणाच्या सुट्टीत तुझं दार बंद. आणि एके दिवशी सुतार तुझ्या नावाची पाटी काढत होता, तेव्हा मला कळलं की तू त्या दूरच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात नोकरी धरलीस. सुताराकडून कळलं, बाई. सुताराकडून!

मी तुझी जागा घेतली नव्हती गं. त्यांनी जागाच एकीपुरती ठेवली होती. हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी तू बोलत नाहीस. मला तुझा राग येतो आणि तुझी आठवण येते. दोन्ही एकाच वेळी येतात, आणि मग मला डबा उघडावासा वाटत नाही.

उत्तर दे.

तुझी,
भिंतीअलीकडची

२ मार्च

प्रिय रुसूबाई,

उत्तर आलं नाही. ठीक आहे, मीच बोलते. नाहीतरी दोघींच्या वाटणीचं बोलायची सवय मला होतीच, असं तू म्हणायचीस.

आपले डीनसाहेब, ज्यांना तू 'मधाचं बोट' नाव ठेवलं होतंस, त्यांनी एक नवी योजना काढली आहे. ज्या समाजांतले शिक्षक वैद्यकीय महाविद्यालयांत फारसे दिसत नाहीत, त्यांना पुढे आणण्याची योजना. हेतू चांगला आहे, चेष्टा करत नाही. चेष्टेचा भाग पुढे आहे. योजनेत प्रत्येक शिक्षकाला त्याच्याच समाजातला एक ज्येष्ठ मार्गदर्शक द्यायचा. आता आपल्यातली ज्येष्ठ कोण? मी. मग माझी मार्गदर्शक कोण? कारकुनानं फार विचार केला नाही, तिथेही माझंच नाव टाकलं. म्हणजे दर तीन महिन्यांनी मी मला खोलीत बोलवायचं, माझ्या अडचणी ऐकून घ्यायच्या आणि माझ्याबद्दल अहवाल द्यायचा. पहिल्या अहवालात मी लिहिलं, "प्रगती समाधानकारक. शिक्षिका बोलते फार, पण ऐकणारं कोणी नाही म्हणून बोलत असावी." कुणीही वाचलं नाही. सही होऊन परत आला.

योजनेची अध्यक्षही मीच. शिवाय वसतिगृह समिती, तक्रार समिती, प्रवेश समिती, पाहुण्यांचं स्वागत आणि माहितीपत्रकाचे फोटो. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर मी स्टेथोस्कोप घालून खिडकीबाहेर बघते आहे. काय बघते आहे कोण जाणे! त्या खिडकीतून फक्त धोबीघर दिसतं. फोटोत मी सगळीकडे आहे, शोधनिबंधांत कुठेच नाही. शेवटचा कधी लिहिला ते तुला माहीत आहे, तो आपण दोघींनी लिहिला होता.

पण भिंगरीला मी यातलं काही शिवू देत नाही. तिचं नाव पुढे आलं की मी मध्येच म्हणते, "तिला कशाला, मी आहे ना." मधाचं बोट खूश, त्यांना आपल्यातली एक खुर्चीत दिसली की झालं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. समित्यांनी आपल्या दोघींची उमेदीची वर्षं खाल्ली. हिची खाऊ देणार नाही.

आईचा रविवारी फोन असतो. ती दर वेळी विचारते, "तिथं तुला बोलायला कोण आहे गं?" मी तुझंच नाव सांगते. तू गेलीस हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तुझी,
मार्गदर्शक आणि तिची शिक्षिका

१७ मे

प्रिय रुसूबाई,

आज भिंगरीचं काम सांगते. तुला आवडेल, तू वाचत असलीस तर.

न सांगता वॉर्डातून निघून गेलेल्या पेशंटच्या केसपेपरवर आपण 'पळाला' असं लिहितो ना, ते हिच्या डोळ्यांत खुपलं. तिनं पाहिलं तर पळालेल्यांत निम्मे आपल्या वस्त्यांमधले. पहिल्याच राउंडला तिनं विचारलं, "सर, पळतात म्हणजे जातात कुठे?" विभागप्रमुख म्हणाले, "घरी. अज्ञान, दुसरं काय." सगळे हसले. ही हसली नाही. तेव्हापासून दर रविवारी पत्ते शोधत त्यांच्या घरी जाते आहे.

एका म्हाताऱ्या गवंड्याचं तिनं मला ऐकवलं. निमोनिया झालेला माणूस. तो म्हणाला, "पळालो कुठं, डॉक्टरीण बाई? सोबतीला माणूस हवं म्हणता, आणि अंधार पडला की त्या माणसाला फाटकाबाहेर काढता. बायकोला रस्त्यावर बसवून मी आत झोपू? तिला घरी सोडून परत आलो, तर सिस्टर म्हणाल्या, तुमची खाट गेली."

असे किती निघाले! कुणी पळालं नव्हतं. सगळे कुणाला तरी पोचवायला गेले होते. इतकी वर्षं हे केसपेपर आपल्या हाताखालून गेले आणि ही आल्यावर कुणीतरी जाऊन विचारलं. मी तिला म्हटलं, "हाच तुझा शोधनिबंध." तिचा चेहरा असा उजळला की मला उगाचच भरून आलं.

मागच्या महिन्यात नव्या वॉर्डच्या इमारतीच्या समितीसाठीही तिचं नाव आलं होतं. फरशी कुठली आणि नळ किती यावर दर बुधवारची अख्खी दुपार. मी नेहमीसारखं उडवून लावलं आणि स्वतः बसले. झोप फार छान लागते त्या मीटिंगमध्ये.

एकच कळत नाही. अलीकडे ती माझ्याकडे कमी येते. आधी जेवायला डबा घेऊन यायची, आता दार लावून आतच जेवते. काम वाढलं असेल. भिंतीपलीकडे तिचा चमचा वाजतो, इकडे माझा. बंद दाराची मला सवय आहे, पण सवय झाली म्हणून ते कमी लागतं असं नाही.

तुझी,
मी

८ जुलै

रुसूबाई,

आज 'प्रिय' लिहिण्याच्या मनःस्थितीत नाही. कुणालाच.

मधाच्या बोटानं बोलावून घेतलं. बिस्किटं पुढे केली, तेव्हाच ओळखलं. म्हणाले, "मॅडम, तक्रार नाही हं, एक भावना आमच्या कानावर आली आहे. योजनेचा लाभ एकाच व्यक्तीकडे साठतो आहे, नव्या शिक्षकांना संधी मिळत नाही, अशी. तुमच्या त्या डॉक्टर येऊन गेल्या. तुमच्या आपसातलं आहे, तुम्हीच मिटवाल." आपसातलं! आपलेच दात, आपलेच ओठ, आणि हे बिस्किटं वाटून मोकळे.

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं, असं पुटपुटत मी जिना चढले. तिचं दार वाजवलं नाही, तसंच उघडलं.

"मी साठवते? काय साठवते गं मी? वसतिगृहातल्या ढेकणांच्या तक्रारी?"

ती उभी राहिली. घाबरली होती, पण हटली नाही. "मॅडम, इमारत समितीत माझं नाव होतं?"

"होतं. मी काढलं. फरश्या आणि नळ—"

"नव्या वॉर्डात नातेवाइकांनी रात्री कुठे बसायचं, कुठे झोपायचं, हे त्याच समितीत ठरलं. काय ठरलं माहीत आहे? काहीच नाही. नकाशात ती जागाच नाही. मला काल कळलं. सहा महिने मी घरोघरी जाऊन हेच विचारते आहे, आणि ज्या खोलीत ते सांगायचं होतं त्या खोलीत तुम्ही होतात."

मी होते. आणि झोपले होते. ते तिला सांगायची हिंमत झाली नाही.

"तुला त्रास नको म्हणून केलं," मी म्हटलं. "तुझी वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून."

"मग मला सांगायचं. मला वाटलं, तुम्हाला दुसरी कुणी नको आहे इथे. सगळे तेच म्हणतात, त्यांच्यातली एकच चालते, ती झाली आहे." तिचा आवाज चिरकला. "तुम्ही मला विचारलं का नाही, मॅडम? एकदाही?"

मी परत माझ्या खोलीत आले. तुला-मला एकमेकींच्या वाटेतली धोंड बनवायला निवड समितीतल्या त्या गृहस्थांना एक वाक्य लागलं होतं. इथे तर कुणाला काही बोलावंच लागलं नाही, मीच मायेनं सगळं करून ठेवलं.

तिला कसं तोंड दाखवू ते सांग. तुझ्याशिवाय हे कळेल असं कुणी नाही, आणि तू तर बोलत नाहीस.

२० ऑगस्ट

प्रिय रुसूबाई,

तोंड दाखवलं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तिच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "चुकलं माझं. आत येऊ?" ती म्हणाली, "डब्यात काय आहे त्यावर अवलंबून." पोरगी मोठी आहे माझ्यापेक्षा, मनानं.

मग माझ्या सगळ्या समित्या टेबलावर मांडल्या आणि तिला म्हटलं, "निवड." तिनं फक्त इमारत समिती उचलली. पुढच्या बुधवारी मी तिच्या शेजारी बसले, जागी. तिनं नकाशावर बोट ठेवून सांगितलं, इथली कपाटं काढा, प्रत्येक खाटेला लागून एक बाकडं बसेल, त्यावर माणूस आडवा होऊ शकतो. विभागप्रमुख म्हणाले, "सूचना चांगली आहे, पण हे तुमच्या मॅडम बघतील, तुम्ही स्वागत समिती घ्या." आणि ती म्हणाली, "नाही सर, मला ते जमणार नाही." शांतपणे. आपल्यापैकी कुणी त्या खोलीत नाही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आभाळ कोसळलं नाही. पुढचा विषय पंख्यांचा होता, तो निघाला.

बाकडी मंजूर झाली. निबंध छापायला घेतला आहे. प्रोबेशन पक्कं होणार, यात आता शंका नाही. रोज एकत्र जेवतो. ती माझ्या अहवालांवर पोट धरून हसते आणि म्हणते, "या शिक्षिकेला आता पुढे ढकला, मॅडम." मी जुनी टिपणं काढून पुन्हा लिहायला बसले आहे, थोडंथोडं. बोलायला कोण आहे, असं आईनं विचारलं तेव्हा यावेळी खरं नाव सांगितलं, भिंगरीचं.

हे पत्र इथे संपवता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

काल जेवताना ती म्हणाली, दोन वर्षांच्या संशोधन शिष्यवृत्तीसाठी अर्ज करते आहे. हेच काम मोठं करायचं आहे. कॉलेज रजा देईल, पण परत येईनच असं आत्ता सांगता येत नाही. "मार्गदर्शक म्हणून मी एका डॉक्टरांना मेल केला होता. आपल्यातल्याच आहेत. तुम्ही ओळखत असाल, पूर्वी इथेच होत्या."

तुझं नाव तिनं असं उच्चारलं, जसं आपण पुस्तकातलं नाव उच्चारतो.

तिनं मला तुझं उत्तर दाखवलं. "ये. काम चांगलं आहे. राहायची सोय बघू. भिऊ नकोस." एका दिवसात उत्तर दिलंस तिला. एका दिवसात!

मला आनंद झाला पाहिजे होता, आणि झालाही, खोटं बोलत नाही. पण मी हात धुवायला म्हणून उठले आणि बेसिनचा नळ सोडून बराच वेळ उभी राहिले.

तिला माझं शिफारसपत्र हवं आहे.

तुझी,
मी

४ सप्टेंबर

प्रिय रुसूबाई,

शिफारसपत्र लिहायला दोन आठवडे लावले. तुला सांगायला नको, या धंद्यात माणसाला शिव्या देऊन पाडत नाहीत, गोड बोलून पाडतात. "कष्टाळू, नम्र, सर्वांना सांभाळून घेणारी." तिन्ही शब्द छान, आणि तिन्ही मिळून अर्ज ढिगाच्या तळाशी. माझ्या प्रत्येक शिफारसपत्रात ते होते. तुझ्याही. हुशार, धाडसी, नवं बघणारी, हे शब्द दुसऱ्यांच्या मुलांसाठी राखून ठेवलेले असतात.

ते तीन शब्द लिहिले असते, तर ती इथेच राहिली असती. रोज डबा घेऊन आली असती आणि तिला कधी कळलंही नसतं. मी तसा कागद लिहिला. तुला का सांगते आहे कोण जाणे. लिहिला, वाचला, फाडला.

मग खरं लिहिलं. ती नम्र नाही, असंच सुरू केलं. ज्या प्रश्नावर सगळं खातं हसलं तो तिनं सोडला नाही. तिनं आमच्या वॉर्डातला एक शब्द चुकीचा ठरवला आणि एका इमारतीचा नकाशा बदलला. माझी चूक तिनं माझ्या तोंडावर सांगितली आणि ती बरोबर होती. ही मुलगी तुमच्याकडे आली तर तुमचीही अडचण होईल, आणि तुम्हाला तशा अडचणीची गरज आहे. असं लिहून सही केली आणि धाडलं.

निवड मंडळात तू आहेस, असं ती म्हणाली. म्हणजे माझं एक तरी पत्र तुला वाचावं लागेल.

तुझी,
मी

११ नोव्हेंबर

प्रिय रुसूबाई,

एव्हाना ती तुझ्याकडे पोचली असेल. भूक लागली की चिडते, पण भूक लागली आहे हे तिला कळत नाही. लक्ष ठेव. म्हणजे, लक्ष ठेवू का असं तिला विचार आणि मग ठेव.

इथे पलीकडून आवाज नाही. कान तिकडे जातो आणि परत येतो. गवंडी तपासणीला आला होता, "आमच्या डॉक्टरीण बाई कुठं?" म्हणाला. मी म्हटलं, "शिकायला गेल्या." तो म्हणाला, "अजून?" तेवढं हसले मी या आठवड्यात.

मधाच्या बोटानं बोलावलं होतं. आता योजनेत माझ्याशिवाय कुणी नाही, तर ती सन्मानानं गुंडाळावी का? मी म्हटलं, "नाही. जाहिरात काढा. दोन जागांची, एकाच वेळी, एक ज्येष्ठ आणि एक कनिष्ठ." ते म्हणाले, "दोन? आधी एक तर बघू." मी म्हटलं, "एक काढणार असाल तर अध्यक्ष दुसरी शोधा, आणि मुखपृष्ठालाही." पुढच्या महिन्यात मान्यता तपासायला मंडळी येणार आहेत आणि माहितीपत्रकं छापून तयार आहेत. साहेबांनी दोन्ही जागांच्या जाहिरातीवर सही केली. इतकी वर्षं तो फोटो माझ्या काही उपयोगी पडला नव्हता. आता पडला.

जाहिरात सोबत जोडली आहे. यातली ज्येष्ठ जागा तुझ्या हुद्द्याची आहे. ती माझ्या जागेतून कापलेली नाही, माझी मला आहे.

तू येणार नाहीस, हे मी धरून चालले होते. तिथे तुझं नाव आहे, विद्यार्थिनी आहेत, आता भिंगरी आहे. ज्या जिन्यानं तू मान खाली घालून उतरलीस तो पुन्हा कशाला चढशील? आणि माझ्याशी तू बोलत नाहीस. म्हणून तुला त्रास नको, असं म्हणून जाहिरात खणात ठेवली होती. दोन दिवस ती तिथेच होती.

मग बाहेर काढली. मला तू इथे हवी आहेस. मी फार एकटी आहे गं, आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही, तू गेलीस त्या दिवशीही नाही. तर आता विचारते. येतेस का?

हो म्हण, नाही म्हण, किंवा नुसती शिवी दे. पण काय ते तू म्हण. या वेळी तुझ्या वतीनं मी नाही म्हणून ठेवलेलं नाही.

तुझी,
मी